कंबरपट्ट्याचा हिरवा दिवा

आधी कबूल करा, हसणार नाही म्हणून. मगच सांगतो. आणि चहा प्यायचा असेल तर आत्ताच पिऊन घ्या, कारण मधे एक जागा अशी येते की तिथे हातातला कप मी आजही खाली ठेवतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही लखनौला होतो. मी एका सरकारी कारखान्यात इंजिनियर. घरातला पंखा बिघडला तर बायको बाहेरून मिस्त्री बोलवायची ते सोडा, पण कॉलनीत मान इंजिनियरचा! संध्याला, म्हणजे माझ्या बायकोला, सातवा महिना लागला आणि अमरावतीहून माझी आई येऊन दाखल झाली. आल्या आल्या फर्मान सुटलं.

"डोहाळजेवण करायचं. फुलांची वाडी भरायची. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं पाहिजे."

आता लखनौमध्ये फुलांचे दागिने कोण करून देणार? चौकात फूलवाल्यांच्या गल्लीत गेलो. तिथला माळी म्हणाला, "साहब, दूल्हे का सेहरा बना दें?" मी म्हटलं, सेहरा नको, बायकोसाठी कंबरपट्टा हवाय, पोटाच्या मापाचा. त्याने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी मुकाट्याने टोपलीभर बेला घेतला, म्हणजे आपला मोगरा हो, आणि घरी येऊन जाहीर केलं, "मीच करतो!"

केलाही. केळीच्या खोडाचं सोपट काढलं, त्याचा रुंद पट्टा कापला, त्यावर कळ्यांची नक्षी टाचली, कडेला गुलाबाच्या पाकळ्या. खरं सांगतो, देखणा झाला होता. आई तर दोनदा म्हणाली, "तुझे हात बाईचे आहेत रे बाप्पा!" तिथे थांबायला काय झालं होतं मला?

पण नुसत्या फुलांवर थांबला तर तो इंजिनियर कसला! मे महिना, बाहेर लू, म्हणजे तो भाजणारा वारा, वाहतेय, फुलं तासाभरात माना टाकणार. मग मी सोपटाच्या आतून दोन उघड्या तारा फिरवल्या, एक ट्रान्झिस्टर डकवला, चौकोनी सेल कळ्यांमागे लपवला आणि मधोमध दोन बारके दिवे बसवले. सोपट ओलं असलं की हिरवा दिवा. सुकलं की लाल. लाल दिसला की पाणी शिंपडायचं. बस्स, एवढंच! कुंडीतल्या तुळशीलाही कळेल इतकं सोपं.

आई म्हणाली, "पोटाला शॉक-बिक नाही ना लागणार?"

"आई, सेलवर चालतं. काही होत नाही."

संध्या म्हणाली, "अहो, मी बाई आहे की ट्रॅफिक सिग्नल?"

ऐकायला हवं होतं तिचं.

कार्यक्रमाला कॉलनीतल्या सगळ्या बायका आल्या. पुढच्या रांगेत शेजारच्या मिश्राइन चाची. अंगाने भारदस्त, आवाजाने त्याहून. त्यांना दोन नाती, नातू नाही, आणि त्यांची सून कुसुम पुन्हा चौथ्या महिन्यात. ती बिचारी मागे दाराशी बसली होती, पदर कपाळापर्यंत ओढून.

ओटी भरली, गाणी झाली. मग आपला तो झाकलेल्या वाट्यांचा खेळ. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. आईने चाचींना ते हिंदीत समजावून सांगितलं. तोपर्यंत उकाड्याने पट्ट्यावरचा दिवा लाल झाला होता. संध्याने वाटी उघडली. पेढा! आईने आनंदाच्या भरात गुलाबदाणी उचलली आणि संध्यावर उपडीच केली. पाणी पट्ट्यावर. आणि सगळ्या बायकांच्या डोळ्यांदेखत लाल दिवा विझून हिरवा लागला.

चाची पुढे सरकल्या.

"अरे राम! पेड़ा निकला और बत्ती हरी हो गई!" चाचींचा आवाज. "बानखेड़े भैया, ई बत्ती का बताती है?"

मी नेमका बर्फाचं भांडं घेऊन दारातून आत येत होतो. वानखेड्यांचा बानखेड़े झाला, ते मी चालवून घेतलं. वाटीत काय निघालं ते मला ठाऊक नव्हतं. मी आपला कारागिराच्या अभिमानाने म्हणालो, "चाचीजी, हरी है तो सब बढ़िया. लाल हो जाए तो समझिए, कुछ करना पड़ेगा."

झालं! आ बैल मुझे मार, दुसरं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला आला. बख्शी का तालाब नावाच्या गावाहून सायकलवर यायचा. दूध ओतायचं सोडून हात जोडून उभा. "साहब, सुना है आपके पास कोई पट्टी है. हमारी भैंस गाभिन है."

"अरे भैया, वो भैंस के लिए नहीं है!"

"ज़रा लंबी बना दीजिए ना. बस लाल बत्ती आ जाए साहब. हमें पड़िया चाहिए, पड़िया. पड़वा लेकर क्या करेंगे?"

पड़िया म्हणजे पारडी, पड़वा म्हणजे रेडा. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. लाल म्हणजे मुलगी, हिरवा म्हणजे मुलगा, असा अर्थ गावभर झाला होता! मी पोट धरून हसलो. गोठ्यात लेक हवी आणि घरात नको, काय माणसं आहेत, असं संध्याला सांगून पुन्हा हसलो. तेवढंच शेवटचं हसणं.

त्याच दुपारी वीज गेलेली, पंखे बंद, आणि दारात चाची. मागे कुसुम.

"भैया, बहुरिया को बाँध दीजिए."

मी त्यांना खुर्ची दिली आणि शास्त्र सांगायला बसलो. पाणी, तारा, करंट, सगळं. कागदावर चित्र काढलं. चाची मान डोलावत होत्या. मला वाटलं, पटतंय. शेवटी त्या पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "समझ गए भैया. नया कानून आया है ना, सब पहले ऐसे ही मना करते हैं. हम किसी से नहीं कहेंगे."

घ्या! पोटात मुलगा की मुलगी ते सांगायला नुकतीच बंदी आली होती; म्हणजे मी जितकं नाही म्हणेन तितकं ते खरं ठरणार!

मी चिडलो. "चाचीजी, मैं ये पट्टी अभी तोड़ देता हूँ."

"तोड़ दीजिए," चाची शांतपणे म्हणाल्या. "फिर कल हम इसे अपने भाई के यहाँ ले जाएँगे. वहाँ एक डॉक्टरनी है, परदे पे देख लेती है. लड़की हुई तो वहीं निपटा भी देती है."

कुसुमने मान वर केली नाही. फक्त तिचे हात पदराखाली पोटावर गेले. ते मी पाहिलं. आदल्या दिवशी ऐटीत बोललेलं माझंच वाक्य कानात वाजायला लागलं. लाल हो जाए तो कुछ करना पड़ेगा.

संध्याने मला स्वयंपाकघरात ओढलं. "बांधा पट्टा."

"अगं, हे शुद्ध खोटं आहे! मी इंजिनियर आहे!"

"मग इंजिनियरसारखं वागा. ओला करून बांधा."

मी मोरीत जाऊन पट्टा बादलीत बुडवला. कळ्या केव्हाच तपकिरी पडल्या होत्या, सोपट चामड्यासारखं झालं होतं, पण तारा शाबूत होत्या. बाहेर आणून कुसुमच्या कमरेला बांधला. गाठ मात्र आईनेच मारली.

हिरवा! चाचींनी छतालाच हात जोडले. मी सोडवायला पुढे झालो तर म्हणाल्या, "रुकिए भैया. इतनी जल्दी का? बँधी रहने दीजिए. पक्का हो जाए."

आता सांगा, काय करायचं? खिडकीतून लू भाजत आत येत होती. सुकलेलं सोपट पाणी धरत नाही हे मला ठाऊक होतं. चाचींनी त्या दिव्यावर नजर लावलेली, आणि मीही. कारखान्यात मोठमोठी यंत्रं पहिल्यांदा चालू केली आहेत मी, पण इतका जीव कधी टांगणीला लागला नव्हता.

तेवढ्यात कुसुम हळूच म्हणाली, "ये गीली क्यों है?"

चाची वळल्या. "का गीला है?"

कुसुमने संध्याकडे पाहिलं. संध्या तिच्याकडे नुसती बघत राहिली. कुसुमची नजर खाली गेली. "पसीना है अम्माजी. गरमी बहुत है."

आणि दिवा मिणमिणला. हिरवा मंद झाला. तांबूस काहीतरी चमकून गेलं. चाची खुर्चीवरून अर्ध्या उठल्या, "भैया, ई लाल..."

"सरबत घ्या!" संध्या जवळजवळ किंचाळलीच. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत ट्रे घेऊन आली, पाय अडखळला, निदान तसं दिसलं तरी, आणि लिंबाच्या सरबताचा अख्खा तांब्या कुसुमच्या पोटावर!

मंडळी, त्या सरबतात साखर होती, लिंबू होतं आणि अमरावतीच्या पद्धतीने भरपूर मीठ होतं. मिठाच्या पाण्याइतका करंट साधं पाणी कुठून नेणार? तो हिरवा दिवा असा झळकला की भिंतीवर उजेड पडला!

"जय हो!" चाचींनी कुसुमला तशीच, चिकट आणि ओलीचिंब, छातीशी धरली. लग्नानंतर पहिल्यांदा धरली असेल. कुसुम रडत होती. आई रडत होती. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, कारण मलाही रडू येत होतं आणि इंजिनियरने ते दाखवायचं नसतं.

पुढचे दिवस मात्र भीतीत गेले. शेजारी कुसुमला तूप, दूध, बदाम. चाची भिंतीवरून ओरडून सांगायच्या, "बहुरिया, सीढ़ी मत चढ़ो!" ती हाक ऐकली की मला बरंही वाटायचं आणि धस्सही व्हायचं. पट्टा मी मोडून फेकला, इतर बायकांना सेल संपला म्हणून सांगितलं. संध्या महिने मोजत होती. एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "कुसुमचा सहावा सरला. आता कुणी काही करू शकत नाही." त्या रात्री मला नीट झोप लागली.

कुसुमचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुमचं लक्ष तिथेच राहील. तिसरी मुलगीच झाली. चाची आमच्याशी बोलायच्या बंद झाल्या. पण त्या पोरीला तेल लावायचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. पोर बसायला लागली तेव्हा भिंतीवरून तिला माझ्या हातात देत म्हणाल्या, "लीजिए, आपकी हरी बत्ती." रागाने म्हणाल्या की लाडाने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण ते नंतरचं. त्याआधी आमची बातमी. संध्याला दवाखान्यात नेलं, बाहेर बाकावर मी आणि आई. आणि थर्मासमध्ये चहा घेऊन कोण यावं? मिश्राइन चाची!

मला एकदम वाटलं, हीच वेळ. मुलगी झाली तर चाचींसमोर मी असा आनंद करायचा, असा आनंद करायचा, की कुसुमच्या वेळी त्यांना आठवला पाहिजे. मनातल्या मनात भाषण घोकायला लागलो. 'देखिए चाचीजी, हमने पहले ही कहा था, वो पट्टी सिर्फ़ पानी बताती है. बेटी हुई है, हमारे तो भाग खुल गए.' घोकून घोकून घसा कोरडा पडला. चाची चहा पुढे करत होत्या, मी घेत नव्हतो, ओठ हलवत बसलो होतो.

दार उघडलं. नर्स बाहेर आली. "बधाई हो, बिटिया हुई है."

आईने माझ्याकडे पाहिलं. चाचींनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो. छाती भरून श्वास घेतला. आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या तोंडून शब्द बाहेर पडले,

"ऐसे कैसे? बत्ती तो हरी थी!"

चाचींच्या हातातून थर्मासचं झाकण पडलं. आईने कपाळावर हात मारला. नर्स "कौन सी बत्ती?" म्हणून छताकडे बघायला लागली. माझी जीभ टाळूला चिकटली.

आणि उघड्या दारातून, आतल्या खाटेवरून, संध्याचा थकलेला आवाज आला.

"आई, यांना आधी पाणी पाजा. लाल दिवा लागलाय."