गुठळी कुणी केली?

आमच्या लॅबमध्ये एका निकालासाठी महिनोन्‌महिने वाट बघावी लागते, किस्सा मात्र रोज एक मिळतो. निकालांची वही अजून निम्मी कोरी आहे. किश्शांची ठेवली असती तर वेगळं कपाट लागलं असतं!

मी जळगावच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. रोज पाचोऱ्याहून रेल्वेने येतो, सगळे मला भाऊ म्हणतात. लॅबच्या प्रमुख म्हणजे आमच्या मॅडम, आणि त्यांच्याकडे पीएचडी करणारी मनीषा, दोंडाईच्याची.

काम काय? म्हातारपणी काही जणांची आठवण जाते, घरची माणसंही ओळखू येत नाहीत. अशांच्या मेंदूत एका प्रोटीनच्या गुठळ्या सापडतात. हे प्रोटीन तुमच्या-माझ्या डोक्यातही आहे, पण ते निमूट फिरत असतं. मग ते एकमेकाला चिकटतं कधी? मनीषाचं म्हणणं, ते भोवतीच्या पाण्यावर आहे. त्यात मीठ किती, जस्त किती आणि मुख्य म्हणजे आंबटपणा किती. ती प्रोटीन नळीत घालते, पाणी बदलते आणि गुठळी व्हायला किती वेळ लागतो ते बघते. गुठळी झाली की आत घातलेला रंग चमकतो आणि मशीनच्या पडद्यावर रेघ वर चढते. तीन वर्षं तिने रेघाच बघितल्या.

*

प्रोटीनला माणसाच्या अंगाइतकी ऊब लागते, सदतीस डिग्री. त्यासाठी आमच्याकडे एक गरम पेटी आहे. ज्या कंपनीने ती बनवली, तिने जळगावचा मे महिना बघितलेला नसावा. बाहेर चव्वेचाळीस, खोलीत एक्केचाळीस, आणि पेटी बिचारी फक्त तापवू शकते!

मी कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "सर, पेटी बाहेर थंड जागी ठेवा."

"थंड जागा असती तर आधी मीच जाऊन बसलो असतो," म्हटलं. शेवटी पेटीला कूलर लावला. पाहुण्यांनी विचारलं तर मॅडम सांगतात, "आमचं प्रोटीन जरा लाडावलेलं आहे."

*

मनीषाच्या वडिलांचा दोंडाईच्याला मिरचीचा व्यापार. त्यांना सगळे नाना म्हणतात. एकदा ते लॅब बघायला आले, सगळी कपाटं न्याहाळली आणि हळूच अहिराणीत लेकीला म्हणाले, "बेटा, तीन वरीस व्हयनात. मेंदू कोठे शे?"

"नाना, मेंदू नही. मेंदूमानं प्रोटीन शे. या नळीमा."

नानांनी नळी उजेडात धरली. "हाई ते पाणी शे."

"पाणीच दिसाले पाहिजे. दुसरं काही दिसनं म्हणजे बिघडनं."

नानांनी मान डोलावली. "मिरचीनं बी तसंच शे. माल तोच, पण दमट हवा लागनी का पोत्यामा गठ्ठा व्हस."

मॅडम मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "नाना, हेच शिकवायला मला पहिल्या वर्षाला सहा तास लागतात."

*

एक किस्सा हसण्याचा नाही, पण तो सोडवतही नाही. एरंडोलचे एक निवृत्त गुरुजी बायकोला, अक्कांना, घेऊन आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की आमच्याकडे विसरण्यावर औषध मिळतं. अक्का शांतपणे स्टुलावर बसल्या होत्या आणि मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "शाळा सुटली का?"

मनीषाने त्यांना खरं ते सांगितलं. औषध नाही, आम्ही फक्त कारण शोधतोय.

गुरुजी म्हणाले, "आयुष्यभर मी पोरांकडून पाढे पाठ करून घेतले. हिला आता माझं नाव पाठ नाही." उठताना मनीषाला म्हणाले, "कारण शोधताय ना, मग बरोबर शोधा. घाई नको."

ते गेल्यावर मी उगाचच काचा पुसत बसलो. मला फार वाईट वाटलं.

*

त्यानंतर महिनाभरात घाव बसला. मनीषाचा निष्कर्ष असा होता की पाणी जरासं आंबट झालं की गुठळी निम्म्या वेळात होते. खात्री करून घ्यावी म्हणून मॅडमनी तयार प्रोटीन एका मोठ्या शहरातल्या मोठ्या लॅबला पाठवलं. डबा घेऊन मीच बसने गेलो.

पंधरा दिवसांनी तिथल्या सरांचं पत्र आलं. "आमच्याकडे साध्या पाण्यातही गुठळी तितक्याच लवकर होते, तुमच्या विद्यार्थिनीचं मोजमाप चुकलेलं दिसतं." खाली सही. आणि तेच सर मनीषाच्या व्हायवाला, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेला, परीक्षक म्हणून येणार होते!

म्हणजे तीन वर्षांचा प्रबंध गेला. मनीषा रडली नाही. तिने मला समोर बसवलं आणि पोलिसासारखी चौकशी सुरू केली. "भाऊ, डबा उन्हात ठेवला होता? उघडला होता? खाली पडला?"

"अगं, जिवापाड जपला. सगळा रस्ता मांडीवर होता."

"बसला कुठे होतात तुम्ही?"

"मागच्या चाकावरच्या सीटवर. दुसरी जागाच नव्हती."

ती उठून उभी राहिली.

*

दुसऱ्या दिवशी प्रोटीनच्या तीन नळ्या झाल्या. एक लॅबमधल्या टेबलावर राहिली. दोन माझ्यासोबत जळगाव ते धुळे, धुळे ते जळगाव, मागच्या चाकावर, मांडीवर. त्यातली एक अर्धी भरलेली, मोठ्या लॅबला नेली होती तशीच. दुसरी काठोकाठ.

कंडक्टरने विचारलं, "भाऊ, काय शे डबामा?"

"प्रोटीन."

"मंग खाई ल्या ना. फिरावतस कशाले?"

संध्याकाळी तिन्ही नळ्या मशीनमध्ये लावल्या. टेबलावरची शांत. काठोकाठ भरलेलीही शांत. अर्धी रिकामी नळी मात्र लावल्या लावल्या चमकली. आत हवा होती, त्यामुळे धक्क्यांनी प्रोटीन वाटभर घुसळून निघालं होतं. म्हणजे त्या खेपेलाही गुठळीची सुरुवात मोठ्या लॅबच्या दारात पोचण्याआधीच झाली होती. मोजमाप चुकलं नव्हतं, सीट चुकली होती!

मला वेगळीच काळजी लागली. "मग रोज बसने फिरणाऱ्यांच्या डोक्यात काय होत असेल गं?"

मनीषा म्हणाली, "भाऊ, डोकं काठोकाठ भरलेलं असतं. ज्यांचं अर्धं रिकामं आहे त्यांनीच काळजी करावी."

*

आता व्हायवा. हॉल भरला होता, नाना पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत. बसचा प्रयोग सरांनी लक्षपूर्वक ऐकला. म्हणाले, "माझ्या निकालाचं कारण तुम्ही शोधलंत. ठीक. पण म्हणून तुमचा निकाल खरा ठरत नाही."

आणि त्यांनी बॅगेतून पाण्याच्या पाच बाटल्या काढल्या, एक ते पाच आकडे घातलेल्या. "यातलं आंबट पाणी कुठलं, ते तुमच्या प्रोटीनला विचारून सांगा. लिटमस नाही, मीटर नाही. उत्तर या पाकिटात आहे." बंद पाकीट त्यांनी नानांच्या हातात दिलं.

साडेदहाला मनीषाने ताजं प्रोटीन लावलं. आंबट पाण्यातली रेघ जेवणाच्या सुट्टीआधी चढायला हवी होती. एक वाजला. पाचही रेघा सपाट. बाहेर वरण-बट्टीची पंगत बसली, पण मॅडमनी बट्टी फोडलीसुद्धा नाही. मागे कुणीतरी कुजबुजलं, "फसला वाटतं प्रयोग."

साडेतीनला रेघा चढल्या. पाचही, एकदम, एकाच वेळी.

सर म्हणाले, "कुठल्याच बाटलीत फरक दिसत नाही. प्रयोग फसला असं लिहू?"

"नाही सर," मनीषा म्हणाली. "साध्या पाण्यात जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढाच पाचही बाटल्यांत लागला. यात आंबट पाणी नाहीच."

"मी एक बाटली ओळखायला सांगितली होती. पुन्हा विचार करा. हवं तर एखादा आकडा सांगा, पाचात एक संधी आहे."

"आकडा नाही सांगणार, सर. आंबट पाणी यात नाही."

सर नानांकडे वळले. "उघडा पाकीट. मोठ्याने वाचा."

नानांनी चष्मा लावला, पाकीट फोडलं, आतला कागद उलगडला. तो उलटा करून बघितला, पाकिटात पुन्हा बोट घालून चाचपलं. मग घाबऱ्या घाबऱ्या म्हणाले, "सर, हाऊ कागद ते कोरा शे."