पिवळा रेनकोट आणि सब स्ट्रीम

"विशालला सांगितलंय, संध्याकाळपातूर खोली रिकामी कर," संपतराव म्हणाले. "ताई, तुमी फक्त ह्यो व्हिडिओ पेनड्राइव्हात टाकून द्या."

जांबे गावात संपतरावांच्या भाड्याच्या बारा खोल्या. कॅमेरे मीच बसवलेले. त्यांनी मोबाइल पुढे केला. पहाटेच्या पावसात पिवळा रेनकोट घातलेलं कुणीतरी पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडत होतं. टँकरनं भरलेली टाकी रिकामी झाली आणि बारा घरं कोरडी. चेहऱ्याच्या जागी नुसते चार चौकोन. पण तसा रेनकोट विशालकडे होता, आणि आदल्याच दिवशी पाण्यावरून त्याचं संपतरावांशी वाजलं होतं. तेवढ्यावर निकाल लागला.

विशाल बुलढाण्याचा, हिंजवडीत नोकरीला. मी खाली गेले, तर त्याची बायको भांडी गोणीत भरत होती. तो मला म्हणाला, "मॅडम, रेनकोट माझाच आहे. पण तो जिन्यात टांगलेला असतो. मी झोपलो होतो, हे सिद्ध कसं करू?"

मला लाज वाटली. तो पुसट व्हिडिओ माझीच करणी होती.

कॅमेरा एकाच वेळी दोन चित्रं पाठवतो. मेन स्ट्रीम म्हणजे मोठं, स्वच्छ चित्र. सब स्ट्रीम म्हणजे त्याचंच हलकं रूप, मोबाइलसाठी, डेटा कमी लागावा म्हणून. रेकॉर्डर दोन्ही साठवून ठेवतो. मागे संपतरावांची तक्रार आली, मोबाइलवर चित्र अडकतंय. मी सब स्ट्रीमचं रिझोल्यूशन आणि बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती पाठवायची तो आकडा, पार तळाला नेला. चित्र पळायला लागलं, मी गाडीला किक मारली. फरक समजावून सांगायचं राहून गेलं.

"टीव्ही लावा," मी वर येऊन संपतरावांना म्हणाले. "आणि विशालला वर बोलवा."

"त्याला कशाला?"

"घर त्याचं जातंय. त्यानं बघायला नको?"

विशाल वर आला. रेकॉर्डर टीव्हीला जोडलेलाच होता. मेन स्ट्रीम निवडली, पहाटेची वेळ टाकली, झूम केलं. रेनकोटाच्या टोपीखाली पांढऱ्या झुपकेदार मिशा.

संपतरावांचे वडील, आबा, मागे खाटेवर चहा पीत बसले होते. त्याच मिशा.

"व्हय, मीच हाय त्यो," आबा म्हणाले. "म्हशीचा हौद भरत हुतो. भिजाया नगं म्हणून जिन्यातला कोट घातला. बंद करायचं ऱ्हायलं."

"मग सकाळधरनं बोलला का न्हाई?"

"समद्या आळीला मोबाइल दावलास. मला कवा इचारलंस?"

संपतराव उठले, खाली गेले आणि भांड्यांची गोणी स्वतः उचलून विशालच्या स्वयंपाकघरात ठेवली. माफीचा शब्द काही तोंडातून फुटला नाही. "ह्यो रेनकोट घरात ठिवत जा," एवढंच म्हणाले.

"राहू द्या जिन्यात," विशाल म्हणाला. "आबांना लागतो."

मी सब स्ट्रीमचा बिटरेट वाढवून दिला, आणि फरकही समजावला. आता प्रत्येक नव्या ग्राहकाला सांगते: मोबाइल नुसती नजर ठेवायला. कुणाकडे बोट दाखवायचं असेल तर मेन स्ट्रीम बघा. आणि त्याच्याही आधी घरातल्यांना विचारा, त्याला डेटा लागत नाही.