खर्ड्याला रेल्वे जात नाही

माझ्या थोरल्या दिरांना माणसांपेक्षा वेळापत्रक जास्त कळायचं, आणि वेळापत्रकही कळायचं असं मी म्हणणार नाही. ते नगरच्या एका मिशन शाळेचे निवृत्त हेडमास्तर. स्वतः दौंडच्या पलीकडे फारसे कधी गेलेले नव्हते, पण कुठली गाडी कुठे किती थांबते हे विचारणाऱ्याला सांगायचे, आणि न विचारणाऱ्याला जास्त सांगायचे.

लढाई विलायतेत सुरू झाली होती आणि तिची झळ अजून आमच्या चुलीपर्यंत पोचली नव्हती, त्या सुमाराची ही गोष्ट. रेल्वे कंपनीने नाताळच्या सुट्टीसाठी एक पास काढला. एकदा घेतला की आपल्या भागातल्या त्यांच्या लाइनीवर पंधरा दिवस हवं तितकं हिंडा. दिरांनी ही बातमी उपासना सुटल्यावर आमच्या ख्रिस्ती देवळाच्या दारात अशी सांगितली, की कंपनीने आधी त्यांचाच सल्ला घेतला असावा.

मला हिंडायचं नव्हतं. मला खर्ड्याला आईकडे जायचं होतं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता आणि तिकडून आलेल्या एका प्रचारकाजवळ तिने निरोप धाडला होता, "लेकीला म्हनावं, मानूस वळकू येतंय तवर ये." मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळे सुट्टी काय ती नाताळची. नगरहून जामखेडला मोटार जायची, पुढे बैलगाडी. नाताळच्या आत मी तिच्यापुढे जाऊन बसले असते. हे इतकं सरळ होतं, म्हणूनच आमच्या घरातल्या पुरुषांना ते सुचलं नाही.

पास आपल्या सहलीला सोयीचा पडतो का हे ठरवायला दिरांनी त्यांच्या ओसरीवर बैठक भरवली. बैठक म्हणजे दीर, जाऊबाई आणि आम्ही नवराबायको. वेळापत्रक मधोमध उघडून ठेवलं होतं आणि चहाचे कप त्याच्यापासून लांब ठेवायचा हुकूम होता.

"खर्ड्याला रेल्वे जात नाही," दीर म्हणाले. ह्यात खर्ड्याचाच काही गुन्हा असावा असा त्यांचा सूर होता.

"म्हणूनच म्हणते दादा, आम्ही दोघं जामखेडच्या मोटारीनं जातो. तुम्ही पास घ्या."

"अहो, मोटारीनं गेलात तर पास वाया नाही का जाणार?"

पास अजून घेतलेलासुद्धा नव्हता. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे बशीकडे पाहत होते. माझा नवरा स्वभावाने फार गरीब, असं सगळे कौतुकाने म्हणायचे. थोरल्या भावापुढे ज्याचं तोंड उघडत नाही त्याला आपल्याकडे गरीब म्हणायची पद्धत आहे.

मग दिरांना शोध लागला. वेळापत्रकाच्या शेवटी रेल्वेचा नकाशा होता. त्यात खर्डा नव्हताच, कारण तिथे स्टेशन नव्हतं. त्यांनी पेन्सिलीने स्वतः एक ठिपका दिला, आणि तो नेमका बार्शीला खेटून दिला. "हे बघा! दौंडवरून कुर्डुवाडी, तिथून बार्शी, आणि बार्शीहून खर्डा तो काय, इथे!" आपणच काढलेल्या ठिपक्यावर बोट ठेवून ते सगळ्यांकडे विजयाने पाहू लागले. मी त्या गावात जन्मलेली. बार्शीहून खर्ड्याला बैलगाडीने जायचं म्हणजे काय, ते मी सांगायला लागले, तर दीर म्हणाले, "नकाशा खोटं बोलत नाही."

तर सहलीला पास जमतो का हे पाहायला बसलेली मंडळी पासाला सहल जमवून उठली. आधी उत्तरेला मनमाडपर्यंत, मग परत दक्षिणेला, आणि शेवटी माझी आई. पास आले त्या दिवशी दिरांनी ते टेबलावर मांडून प्रार्थनाही केली. देवाला दुसरी कामं नसावीत.

आमच्या ख्रिस्ती मंडळींत त्या लाइनीवर स्टेशन आलं की नातेवाईक आलाच. कोणी मास्तर, कोणी प्रचारक, कोणी मिशनच्या दवाखान्यात. नाताळात त्यांच्या गावावरून जायचं आणि उतरायचं नाही, म्हणजे पुढच्या नाताळापर्यंत अबोला. त्यामुळे राहुरीला उतरलो, बेलापूरला उतरलो. नाताळच्या दिवशी पुणतांब्याला जाऊबाईंच्या मावशीकडे होतो. तिथे आग्रह करकरून वाढत होते आणि दीर जेवता जेवता पास कसा वसूल होतोय ते समजावून देत होते. मला घास गिळवेना. जाऊबाई म्हणाल्या, "हिला गाडी लागते." मला गाडी लागत नव्हती, ही माणसं लागत होती.

मनमाड झालं, कोपरगावला परतताना पुन्हा उतरलो, कारण जाताना एका चुलतभावाकडे जेवलो होतो आणि दुसरा रुसला होता. असं करत कुर्डुवाडीला पोचलो तेव्हा पास संपत आला होता. बार्शीला जाणारी छोटी गाडी दुसऱ्याच कंपनीची निघाली. तिथे आमचा पास चालत नव्हता. दीर फलाटावर बराच वेळ वेळापत्रक चाळत बसले, आणि मग चष्मा पुसत म्हणाले, "आता खर्डा केला तर परतेपर्यंत मुदत टळेल. पुढच्या नाताळात पाहू."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "दादा म्हणतात ते खरं आहे."

दिरांचा मला राग होता, तो मी मनात ठेवू शकले. ह्यांचा मात्र त्या क्षणी मला नुसता वीट आला. मी माझा पास दिरांच्या हातात ठेवला. "हा तेवढा तुम्ही वसूल करा. मी आईकडे जाते."

"एकटी?" जाऊबाई ओरडल्या. ह्यांनी माझी पिशवी छोट्या गाडीत ठेवून दिली, "सांभाळून जा" म्हणाले, आणि आपली गाडी चुकू नये म्हणून धावत परत गेले.

बार्शीहून पुढे सोबत मिळेल त्या बैलगाड्या बदलत, मुक्काम करत मी खर्ड्याला पोचले. आई अंगणात बाजेवर बसली होती, माझ्याकडे पाठ करून. वहिनी पुढे आली आणि हळूच म्हणाली, "नाताळापतूर सावली कळत हुती त्यान्ला. मग डोळा लई ठणकला, आन् आता कायबी न्हाई. नाताळाला बाज भायेर काढाया लावली. जामखेडाकडनं गाडी आली की म्हनायच्या, लेक आली का बग."

मी पुढे जाऊन आईचे हात धरले. तिने माझं तोंड चाचपलं, कान चाचपले, गळ्यावर हात फिरवला.

"आलीस व्हय?" ती म्हणाली. "पर पाठीमागनं कशी आलीस गं? मी तर इकडं तोंड करून बसली हुती."

पास होता म्हणून, असं काही मला तिला सांगवलं नाही.