गॅलरीला टांगलेली रिंग

तुमच्या इमारतीतल्या मुली संध्याकाळी कुठे खेळतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

आमच्या लालबागच्या चाळीतल्या मुली बास्केटबॉल खेळायच्या. शाळेचं मैदान लग्नांना भाड्याने जायला लागलं, तेव्हा आम्ही पहिल्या मजल्याच्या कठड्याला फुटका प्लास्टिकचा टब बांधला. चेंडू आत गेला की तिथेच राहायचा. मग वरच्या काकूंना हाक.

"भाजी फोडणीक घालू की तुमचो चेंडू काढू गो?"

शेवटी आम्ही टबाचा तळ कापला. टब चिरला, तेव्हा तळमजल्यावरच्या ग्रिलवाल्याने सळई वाकवून गोल रिंग जोडून दिली. तरी गॅलरीतले काका होतेच. नेम बरोबर जातोय असं दिसलं की वरून हात घालून चेंडू उडवायचे आणि स्वतःच टाळ्या पिटायचे. म्हणून आम्ही मंडळाचा फुगलेला कॅरम बोर्ड रिंगमागे उभा ठोकला. काकांचे हात थांबले, आणि चेंडू फळीवर आपटून आत पडायला लागला.

खूप नंतर वाचलं की परदेशात हा खेळ सुरू झाला तेव्हाही गॅलरीला फळांच्या टोपल्याच टांगल्या होत्या. तळ नंतर गेला. फळी आली ती प्रेक्षकांच्या लुडबुडीमुळे. आम्ही कुणाची नक्कल केली नव्हती. अडचणी त्याच होत्या, इतकंच.

माझी धाकटी बहीण या रिंगवर शिकली. तिला कॉलेजच्या टीममध्ये जायचं होतं.

मग पुनर्विकास आला. मीटिंगमध्ये कार्पेट एरिया, लिफ्ट, गणपतीच्या मंडपाची जागा यांवर घसे बसले. बहिणीने विचारलं, "रिंग कुठे लावणार?" सगळे हसले. सेक्रेटरी काका म्हणाले, "अगं वेडे, टॉवरला अख्खं कोर्ट आहे. थेट अमेरिकेत जाशील!"

कोर्ट आहे. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर, काचेच्या फळीचं. रिंगला स्प्रिंग आहे. खेळाडू लटकला तर ती वाकते, परत जागेवर येते, काच फुटत नाही. चाळ पडून टॉवर झाला, आम्ही राहायला आलो, आणि पहिल्याच दिवशी वॉचमनने बहिणीला कोर्टाच्या दारात अडवलं.

"रिहॅबवाले नहीं. ये सेल विंगवालों का है."

"भैया, कोई खेल भी नहीं रहा."

"नहीं खेल रहे, फिर भी उनका है."

रिहॅबवाले म्हणजे आम्ही, चाळीतले जुने रहिवासी; सेल विंगवाले म्हणजे बिल्डरकडून फ्लॅट विकत घेतलेले.

कोर्ट सगळ्यांना खुलं करा, असं मी पत्रक काढलं, आमच्या विंगमधल्या प्रत्येक दाराखालून सरकवलं. दुसऱ्या दिवशी ती पत्रकं लिफ्टमध्ये पायाखाली होती. सेक्रेटरी काका म्हणाले, "आधी पार्किंग मिळू दे, मग तुझा चेंडू बघू." ज्या जमिनीवर आमच्या पिढ्या राहिल्या, तिच्यावरच आम्ही परवानगी मागत होतो, आणि मागणारी मी एकटीच होते.

जुनी रिंग चाळीबरोबरच गेली होती; इथे येऊनही वर्षभर सराव नाही. निवडीच्या दिवशी बहिणीचे चेंडू फळीलाही लागले नाहीत. घरी येऊन तिने बूट शेजारच्या मुलीला देऊन टाकले. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती रिंग दिसते. त्या स्प्रिंगवर कबुतरं सोडून कुणी भार टाकलेला मी पाहिलेला नाही. ते दार आमच्यासाठी उघडेल, असं मला आता वाटत नाही.

पण तुमची चाळ अजून उभी असेल, तर पुढच्या मीटिंगला जा. मैदान कुठे आहे आणि तिथे कोण जाऊ शकेल, हे विचारा. उत्तर करारात लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. आणि तुमच्याआधी एखाद्या मुलीने हा प्रश्न विचारला, तर तिच्या बाजूला उभे राहा.