दिवाणाखालचा चिखल

आमच्या चिखलकाकांच्या घरी पाहुणा आला, की ते आधी त्याच्या वजनाचा अंदाज घेत. सडपातळ माणसाला दारातूनच वाटेला लावायचे. भरल्या अंगाच्या माणसाला मात्र दिवाणावर मधोमध बसवून दोनदा चहा. मी लहानपणापासून जाडी. कोपरखैरण्याच्या आमच्या बिल्डिंगमधली मुलं मला रोडरोलर म्हणायची, आई माझ्या ताटातला भात कमी करायची. त्याच बिल्डिंगमध्ये काकांकडे मात्र मी मानाची पाहुणी होते.

कारण त्या दिवाणाखाली खाडीचा चिखल होता आणि काका त्याचा पाटीचा दगड करत होते.

काका न्हावा शेवा बंदरात माल सोडवणाऱ्या एजंटाकडे कारकून. एकदा कुणाच्या तरी बंगल्याच्या छपरासाठी परदेशातून काळ्या, पातळ फरश्यांचा कंटेनर आला. हा कसला दगड, असं त्यांनी साहेबाला विचारलं. साहेब म्हणाला, मूळचा चिखल. संथ पाण्यात थरावर थर बसतात, वरच्या भाराने घट्ट होतात. मग डोंगर उभे राहताना प्रचंड रेटा आणि उष्णता मिळाली की त्यांचा असा दगड होतो. छिन्नी लावली की पापुद्रे सुटतात. शाळेतली पाटी त्याचीच, बिलियर्डच्या टेबलात हिरव्या कापडाखालीही तोच. झालं! लोक चिखलाचा पैसा करतायत आणि आपली अख्खी खाडी फुकट पडलीय, हे काकांना सहन होईना. रविवारी ते दोन बादल्या चिखल घेऊन आले.

दोन फळ्यांमध्ये चिखल, वर दिवाण, दिवाणावर आम्ही. उष्णतेसाठी काकूंची गरम पाण्याची पिशवी फळीखाली जायची. घराला निवट्यांचा, खाडीच्या चिखलातल्या माशांचा, वास सुटला. काकू म्हणायच्या, माझ्या डोक्यावर बसलायत तेवढा दाब पुरत नाही का? पाटीला कोट्यवधी वर्षं लागतात, असं मी शाळेतून आल्यावर काकांना सांगितलं. ते सातारचे. शांतपणे म्हणाले, "म्हणून तर लवकर सुरू केलंया."

बारावीला नापास झाले तेव्हा मी त्यांच्याकडेच जाऊन रडले. आमच्या घरात सगळे मला बोलत होते. काकांनी पाणी दिलं आणि म्हणाले, "रड की. पन मधी बसून रड." कसली माया ही! मला रडता रडता हसू फुटलं.

पुढे बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं. सगळ्यांनी सह्या केल्या, काका अडून बसले. दाब सुटला तर पहिल्यापासून सुरुवात, म्हणाले. सेक्रेटरी हात जोडून दमला. अशात एके दुपारी आईच्या उशाशी स्लॅबचा तुकडा पडला. मी जाऊन दिवाणावर मधोमध बसले आणि तेवढंच सांगितलं. काकांनी वाकून दिवाणाखालची फळी चाचपली. मग त्यांनी विचारलं, "डाएट-बिएट तर करत न्हाईस ना?"

माझं लग्न ठरलं होतं आणि मी नुसत्या काकडीवर होते. मी नाही म्हणाले, आणि त्या दिवसापासून काकडी सोडली.

"मग तू घेऊन जा," काका म्हणाले आणि त्यांनी सही केली.

दाब क्षणभरही सुटायला नको होता. दिवाण सरकवता सरकवताच मी फळीवर चढून बसले आणि हमालांनी मला चिखलासकट उचललं. काका पुढे, "हळू रं, थर हलतील" म्हणत. गॅलरीगॅलरीतून लोक टाळ्या वाजवत होते. माझी खरी वरात तीच. उलव्याला सासरी पोचेपर्यंत मी टेम्पोत तशीच बसून होते, शेजारी दिवाण.

नवी बिल्डिंग उभी राहायच्या आत काका गेले. अजून चुकून हाक तोंडात येते.

दिवस झाल्यावर काकू माझ्याकडे आल्या. आधीच काडीसारख्या, त्यात आणखी वाळलेल्या. बरोबर माझ्यासाठी तांदळाची पिशवी होती. मी खुर्ची पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली आणि दिवाणावर मधोमध जाऊन बसल्या. थोडा विचार केला, मग जमिनीवर ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली.