पिण्याचं आणि वापरायचं

त्या वर्षांत वऱ्हाडात कापूस हातचा गेला तरी अभ्यासाचं पीक चुकत नसे. दर हंगामाला कोणी ना कोणी पाहणीला येई. मी अकोल्यात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होते, त्यामुळे पाण्यावरचे अभ्यासक माझ्या वाट्याला येत.

त्यातले एक सर भूजलाचं मॉडेल घेऊन आले. पूर्णेकाठच्या खारपाण पट्ट्यातल्या विहिरी आणि हातपंपांचे क्षार संगणकाला सांगायचे. मग जमिनीतल्या कोणत्या थरातून काय विरघळून आलं, ते तो सांगणार. नमुने आमची माणसं आणत. सरांना एकदा स्वतः आणावासा वाटला. मूर्तिजापूरच्या पुढच्या एका गावातून ते बाटली भरून आणि पोटभर जेवून परत आले.

नकाशा तयार झाला. सगळा पट्टा लाल आणि मधोमध ते एक गाव गोड्या पाण्याचं, निळं. सर हरखले. त्या गोडीचं कारण सापडेना, म्हणून त्यांनी मॉडेलमध्ये जमिनीखाली एक जुनी नदी घातली. नदी घातल्याबरोबर गणित सुटलं. मॉडेलचं हे एक बरं असतं, पाणी कुठलंही द्या, हिशेब चोख करून देतं.

नदीशी माझं भांडण नव्हतं. पण निळं गाव नळयोजनेतून वगळायचं चाललं होतं, आणि प्रस्ताव लवकरच वर जाणार होता. सरांच्या बाटलीतले आकडे हुबेहूब मूर्तिजापूरच्या नळाच्या पाण्याचे होते. ते पाणी मी नेहमी तपासत असे. मी जीप काढायला लावली आणि सर जेवले होते त्याच घरी गेले.

"काकू, सरांना पाणी कुठलं दिलं होतं?"

"त्याइनं पिण्याचं पानी मांगतलं, आमी पिण्याचं देलं," घरची बाई म्हणाली. "पोरगा मूर्तिजापूरहून कॅन आनते. हातपंपाचं वापराचं हाय. ते मांगतलं असतं तर ते देलं असतं."

खारपाण पट्ट्यात घरोघरी पाण्याच्या दोन जाती असतात. सरांच्या मॉडेलमध्ये एकच होती.

मी बाटली घेऊन अंगणाबाहेरच्या हातपंपाशी गेले, तर काकू दांडा धरून उभी राहिली.

"आज नोका भरू, बाई. पोरीवाले येऊन राहिले. खाऱ्या गावात पोरगी कोन देते? आमी त्याइले गोडं सांगतलं."

"आणि नळ?"

"नळाचं मंग पाहू. पोरगा म्हातारा होऊन राहिला."

"गाव गोड ठरलं तर नळ येत नाही. मग सून जन्मभर कॅनची वाट पाहील."

"आदी सून तं येऊ द्या."

तेवढ्यात पाहुणे आलेच. मुलीचा बाप पाय धुवायला सरळ पंपाशी आला, त्यानं चूळ भरली आणि थुंकली.

"गोडं म्हने तुमचं पानी."

काकू माझ्याकडे बघायला लागली. खोटं बोलायचा मला पगार नव्हता.

"खारं आहे," मी म्हणाले. "ही बाटली तपासली तर नळ येईल. नाहीतर हेच."

"केवा येईन?"

"ते कोणालाच माहीत नाही."

त्यानं तोंड पुसलं. "आमच्या गावात तं पंपाले खारंबी येत नाई आता. कोरडाच हाय. भरा, काय भराचं ते." आणि काकूच्या हातून दांडा घेऊन तो स्वतःच हापसू लागला.

नव्या आकड्यांनी गाव लाल झालं. नदी गेली कुठे, असं सरांनी विचारलं. आटली असेल, मी म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

गाव योजनेत राहिलं. लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. वऱ्हाडाला पाणी टँकरचं पाजावं लागलं, कारण पाइप तोवर निविदेतच होते.