आमचे साडू आणि लंगडा हवालदार

प्रत्येकाला आपापल्या गोष्टीचा नायक व्हायचं असतं म्हणतात. साफ खोटं आहे. फुकट मिळत असलेलं नायकपद नाकारून मागच्या रांगेतला एखादा थकलेला, खोकणारा, पूर्वायुष्यात भरपूर मार खाल्लेला इसम मागून घेणारा माणूस मी प्रत्यक्ष पाहिलेला आहे, आणि तो माझा साडू आहे. हे नवल मी पाहिलं तेही दिल्लीत. इथं मेट्रोत कोपर लागलं तरी समोरचा "जानता नहीं मैं कौन हूँ?" असं विचारतो. आमच्या साडूंना कुणी असं विचारलं, तर ते चष्मा पुसत, अगदी मनापासून म्हणतात, "नहीं भाईसाहब, बताइए ना." आणि समोरचा खरंच सांगायला लागतो. कुठलं गाव, कुठली नोकरी, भावाशी का बिनसलं, सगळं. उतरताना तो साडूंना हात करून जातो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पन्नाशी ओलांडलेले, मूळचे पुण्याचे, नोएडातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत डेप्युटी. कंपनीत साहेब बदलत गेले, साडू डेप्युटीच राहिले. वर जायची संधी आली की हे "त्यांना द्या, ते जास्त इच्छुक आहेत" असं म्हणून मोकळे. राहायला द्वारकेत, एका सोसायटीत. मी राहतो नोएडात. दर रविवारी आम्ही नवरा-बायको मेट्रोची ब्लू लाइन पकडायचो आणि पेपर वाचून, डुलकी काढून, पुन्हा पेपर वाचून झाला की द्वारका यायची. बायको बहिणीसाठी जायची. मी ताईंच्या हातच्या भरल्या वांग्यासाठी जायचो असं सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे मी साडूंचा खेळ बघायला जायचो.

खेळ कॉम्प्युटरवरचा. तलवारी, जादू, ड्रॅगन, पडके किल्ले, सगळं त्यात. साडूंची मुलगी सई हिनं तो आणला होता. सुरुवातीला तुमचा नायक तुम्हीच घडवायचा असतो. सईनं एक अख्खा रविवार नायिकेचं नाक ठरवण्यात घालवला होता. पण खेळात एक आडवाट आहे. नायकाबरोबर हिंडणारे काही सोबती असतात. त्यांचं घराणं, त्यांची दुःखं, त्यांचे गुन्हे, सगळं खेळ करणाऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेलं. हवं तर यातल्याच एखाद्या सोबत्याला नायक करून खेळता येतं. या वाटेला फारसं कुणी जात नाही. साडू दुसऱ्या वाटेला गेलेच नाहीत.

"नायकाला काय हो, साडूभाऊ," ते मला समजावायचे, "नाक आपण देणार, केस आपण देणार. ना आई-बाप, ना जुनं दुखणं, ना कुणाला दिलेला शब्द. असल्या माणसाच्या हातात राज्य कसं द्यायचं? आता हा बघा. याचं आधीच वाटोळं झालेलं आहे. भरवशाचा माणूस!"

इथपर्यंत ठीक होतं. माणसाला एखादा छंद असावा. पण साडू ज्या सोबत्याला घेऊन खेळायचे, त्याचा स्वभाव खुर्चीतून उठल्यावरही त्यांच्या अंगातून उतरायचा नाही. मध्यंतरी ते एका वैद्यबाईंना घेऊन खेळत होते. या बाईंचं व्रत असं, की आधी शत्रूची जखम बांधायची, मग स्वतःची. त्याच दिवसांत सोसायटीतले एक शर्माजी साडूंच्या पार्किंगमध्ये बिनदिक्कत आपली गाडी लावायचे. दिल्लीत पार्किंगवरून डोकी फुटतात. सईनं तर पोलिसांचा नंबर काढून ठेवला होता. आणि एका सकाळी बघतो तर शर्माजींची बॅटरी उतरलेली, आणि साडू आपल्या गाडीच्या तारा जोडून त्यांना ती चालू करून देताहेत, वर विचारताहेत, "पानी पिएंगे?" शर्माजी त्यानंतरही गाडी तिथंच लावत राहिले. फक्त आता साडूंना नमस्कार करून लावायचे. वैद्यबाईंनंतर आला एक सरदार, खोटं न बोलण्याची शपथ घेतलेला. तो महिना आम्हा सगळ्यांनाच जड गेला. करोल बागेत ताई साडीवाल्याशी घासाघीस करत होत्या, साडीवाला म्हणाला, "बहनजी, इससे कम में तो कहीं नहीं मिलेगी," आणि साडू शांतपणे म्हणाले, "बिल्कुल सही बोल रहे हैं, मैंने पूछा था." ताई परत येताना द्वारका येईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत.

"बाबा, ये अलग लेव्हल का पागलपन है," सई म्हणायची. दिल्लीत वाढलेली पोर. एकदा मी साडूंना म्हटलं, "तुम्हाला दुय्यम भूमिकेचं व्यसन आहे," तर ती मलाच विचारते, "काका, दुय्यम मतलब?" मी म्हटलं, "तुझा बाप." साडू इतके खूश झाले की हसता हसता त्यांना ठसका लागला.

या सगळ्यांत त्यांचा जीव की प्राण म्हणजे लंगडा हवालदार. खेळात त्याचं नाव काहीतरी दातात अडकणारं होतं, साडूंनी ते काढून टाकलं. हा एका तुटलेल्या पुलावर पहारा करत बसलेला. राजा जाताना "मी येईपर्यंत इथंच थांब" असं म्हणून गेला, तो आलाच नाही, पण हवालदार थांबलेला. पायात जुना बाण. साडू हवालदार झाले की त्यांचाही गुडघा धरायचा. ताई बाम चोळायच्या आणि तोंडानं जे काही म्हणायच्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. हवालदाराच्या आईचं गाव कुठलं, त्याला कुठली भाकरी आवडते, बाण कुणी मारला, हे साडूंना पाठ. खजिन्याची पेटी समोर उघडी पडली तरी ते हात लावायचे नाहीत. सई किंचाळायची, "बाबा, घे ना यार!" तर म्हणायचे, "हवालदार घेणार नाही गं."

एक गोष्ट मात्र मला खटकायची. हा हवालदार संपूर्ण खेळात गप्प. चकार शब्द काढत नाही. बाकीचे सोबती बडबड करून जीव नकोसा करतात आणि हा मख्ख. शेवटी सईनं मला समजावलं, की काका, तो मुळात खूप बोलतो, पण त्याचं सगळं बोलणं नायकाशी बोलायला लिहिलेलं आहे. तुम्हीच त्याला नायक केलंत, की तो बोलणार कुणाशी? मग त्याचा आवाज बंद. मला हे विचित्र वाटलं. ज्याला आपण एवढ्या हौसेनं पुढं आणावं, तोच मुका व्हावा! साडूंना त्याचं काही नव्हतं. हवालदाराच्या वाटचं ते स्वतःच बोलायचे, मोठ्यानं, मराठीतून. मी ऐकत बसायचो.

आणि मग कंपनीनं घोळ घातला. पुण्याच्या ऑफिसचे मुख्य साहेब निवृत्त झाले आणि ती जागा साडूंना देऊ केली. डेप्युटी नाही, मुख्य. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. पुण्यात आमच्या सासूबाई एकट्या, गुडघे गेलेले. ताई लग्न होऊन दिल्लीला आल्या त्या इथल्याच झाल्या. त्यांना परत जायचं असणार हे कुणालाही कळलं असतं. पण ताईंनी या वेळी वेगळंच केलं. एरवी पडदे कुठले इथपासून सईची शाळा कुठली इथपर्यंत त्याच ठरवायच्या आणि साडू मान डोलवायचे. या वेळी त्या म्हणाल्या, "तुमचं तुम्ही ठरवा. मी एक शब्द बोलणार नाही. जन्मात एकदा तरी स्वतःहून काही सांगा."

त्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा घरात भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता. साडू सकाळपासून खेळत बसलेले. बाहेर धुरकट हवा, खिडक्या बंद, आत एअर प्युरिफायर घुरघुरतोय. मी शेजारी टेकलो. म्हटलं, "काय ठरलं?"

"बघतोय," ते म्हणाले. "हवालदार काही पूल सोडेल असं वाटत नाही. त्याला थांब म्हणून सांगितलंय."

मला हसू आलं नाही. माझा स्वार्थही होता, सरळ सांगतो. साडू पुण्याला गेले, तर माझ्या रविवारांचं मी काय करणार होतो? मनात म्हटलं, थांब बाबा हवालदारा, थांब.

तेवढ्यात सई आतून आली. बापाकडे बघत राहिली. मग नेहमीच्या चिडक्या आवाजात नाही, अगदी साधेपणानं म्हणाली, "बाबा, एक बार आईला घेऊन खेळ ना."

साडू हसले. "तुझ्या आईला घेऊन? चालेल की. आईचं आधीचं काय लिहिलंय?"

"तूच सांग."

साडू सांगायला गेले आणि अडकले. हवालदाराच्या आईचं गाव ठाऊक असलेला हा माणूस एकदम कावराबावरा झाला. मग त्यांनी माऊस बाजूला ठेवला, उठले आणि स्वयंपाकघरात गेले. गुडघा न धरता गेले, हे माझ्या लक्षात आलं.

आमच्या कानावर सगळं येत होतं, कारण प्युरिफायर सईनं बंद केला.

"लग्नाआधी तू काय करत होतीस गं?"

"हे आत्ता विचारताय? कणीक मळतेय मी."

"मळ. पण सांग."

जरा वेळ नुसती परात वाजली. मग ताई सांगायला लागल्या. शाळेत भूगोल शिकवायच्या. सायकलवरून जायच्या. फळ्यावर हात न उचलता अख्खा भारताचा नकाशा काढायच्या, पोरं टाळ्या वाजवायची. मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, पुढच्या वर्षी तुला कायम करते.

"मग सोडलीस का?"

"तुम्ही दिल्लीला आलात म्हणून."

"मी तेव्हा काय म्हणालो होतो?"

"तुम्ही काय म्हणणार? म्हणालात, तुला वाटेल तसं." कणीक परातीत आपटल्याचा आवाज आला. "मला वाटत होतं, तुम्ही चल म्हणावं. नाहीतर राहा म्हणावं. काहीतरी म्हणावं हो."

यावर साडू काय बोलतात याची आम्ही वाट बघत होतो. सईनं माझा हात धरला होता. साडू तडक बाहेर आले, फोन उचलला आणि सोमवारची वाट न बघता साहेबांना लावला. "सर, पुणेवाली बात... हाँ. मैं जाऊँगा. नहीं सर, सोच लिया." फोन ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आपण पुण्याला जायचं. मला जायचंय. तू चल."

ताईंनी कणकेच्या हातानंच डोळ्यांना पदर लावला, आणि लगेच खेकसल्या, "वांगी करपतील, बाजूला व्हा."

जेवताना मी मुद्दाम छेडलं, "आणि हवालदाराचं काय? त्याला थांब म्हटलं होतं ना?"

"हवालदाराला विचारलंय कुणी?" साडू म्हणाले, आणि दुसरं भरलं वांगं माझ्याऐवजी स्वतःच्या ताटात घेतलं. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

सोसायटीनं निरोपाचा चहा ठेवला. शर्माजींनी हार घातला. भाषण करा म्हणाले, तर आमचे साडू माईक धरून नुसते उभे. मेट्रोतल्या अनोळखी माणसाला बोलतं करणारा हा माणूस, स्वतःची पाळी आल्यावर त्याला शब्द सापडेना. शेवटी "आप सब बहुत अच्छे हैं" म्हणून खाली बसले. ताई मात्र टाळ्या वाजवत होत्या. जाण्याआधी साडूंनी माझ्या लॅपटॉपवर तो खेळ घालून दिला. "एकदा खेळून बघा, साडूभाऊ. नायक तुम्हीच व्हा. फक्त वाटेत हवालदार भेटेल, त्याला सोबत घ्या."

पुण्याच्या बातम्या येतात. साडू मीटिंगमध्ये चक्क "नाही" म्हणतात असं कळलं. ताई शेजारच्या मुलांना भूगोल शिकवतात. सासूबाईंना जावई फार बोलका झाल्यासारखा वाटतो. सगळं छान चाललंय, आणि मला त्याचा आनंदही आहे. पण रविवारी ब्लू लाइनची वेळ झाली की मी उगीचच चप्पल शोधतो. साडूंची फार आठवण येते, त्याला दुसरा शब्द नाही.

अशाच एका रविवारी मी लॅपटॉप उघडला. एक नायक बनवला, नाक मिळालं तेच ठेवलं. धडपडत, दोनदा मरत तुटलेल्या पुलाशी पोचलो. हवालदार बसलेला होता. मी जवळ गेलो, आणि तो मान वर करून बोलायला लागला. जाडसर, दमलेला, प्रेमळ आवाज. कुठून आलास, पाय ओले का, काही खाल्लंस का. इतके रविवार ज्याच्या शेजारी बसून मी वांगी खाल्ली, त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. राजाची वाट बघून झाली म्हणाला. तू चल पुढं, पायाचं बघू, मी आहे मागं.

मी साडूंना फोन लावला. म्हटलं, "अहो, तुमचा हवालदार फार बोलतो हो."

पलीकडे मागं ताईंचा आवाज येत होता, कुणाला तरी नद्या पाठ करून घेत होत्या.

"बोलतो ना?" साडू म्हणाले. "मी कधी ऐकलाच नाही त्याचा आवाज. फोन जरा त्याच्याजवळ धरता का?"

मी धरला.